बाबा दोनदा पडले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता एमआरआय करू का?

शनिपारकर: बाबा ७२ वर्षांचे. मागच्या महिन्यात पहाटे लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारात कोसळले. परवा मंडईत वाकून पिशवी उचलली, सरळ झाले आणि पुन्हा तेच. मिनिटभरात शुद्धीवर. पहिला प्रश्न, "मेथी कुठंय?" ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र), सगळं नॉर्मल. आता मेंदूचा एमआरआय सांगितलाय. बाबांचं निदान तयार आहे: पित्त.

टिल्टवाली: होल्टर नॉर्मल म्हणजे एवढंच, की त्या २४ तासांत काही झालं नाही. त्या दिवशी ते पडले होते का? माझी टिल्ट टेबल टेस्ट झाली होती. पट्ट्यांनी बांधून टेबल जवळजवळ उभं करतात, ६०-७० अंशांत, आणि बीपी-नाडी बघत बसतात. पंचविसाव्या मिनिटाला मळमळ, घाम, कानात दडे, आणि मी गेलेच. डॉक्टर मात्र खूश! पण माझं प्रकरण वेगळं, मी एका जागी बराच वेळ उभी राहिले की पडते. तुमचे बाबा उठताना पडतात.

निवृत्त सिस्टर, कोथरूड: झोपलेलं आणि उभं असताना बीपी कुणी मोजलं का? पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. धरायला कुणीतरी शेजारी हवं. गोळ्या कोणत्या चालू आहेत? फेफरं किंवा हातापायात कमजोरी नसेल तर नुसत्या अशा पडण्यात एमआरआयमधून फारसं काही निघत नाही. मात्र बसल्याजागी, चालता-चालता किंवा छातीत धडधडून पडले तर थांबू नका, हृदयाचीच तपासणी पुन्हा. कधीकधी त्वचेखाली छोटा लूप रेकॉर्डर बसवतात, दोन-तीन वर्षं हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवतो.

शनिपारकर: मोजलं. आडवे १३८, उभे १२२, तिसऱ्या मिनिटाला १०८. बीपीची गोळी जुनीच. पण प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन दोन महिन्यांपासून चालू आहे, आणि ते आम्ही हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! त्यांनी विचारलं नाही, आम्हाला सुचलं नाही.

निवृत्त सिस्टर, कोथरूड: टॅमसुलोसिनने उभं राहताना बीपी उतरू शकतं. पण गोळी मनाने बंद करू नका. आकडे आणि सगळी पाकिटं घेऊन जा. तोवर पहाटे पलंगावर दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, मगच उठायचं.

शनिपारकर: सोमवारची अपॉइंटमेंट मिळाली. बाबांच्या मते आमचं बीपीचं यंत्रच बिघडलंय.