मदत हवी आहे: कॉलेज ऑफिसात सर्वसमावेशकतेसाठी स्टाफची टीम

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजच्या प्रशासकीय विभागात आहे. प्राचार्यांनी ऑफिस स्टाफची एक टीम करायला सांगितलंय. हेतू हा, की भाषा, जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांमुळे कुणी कामात बाजूला पडू नये.

अंतर्गत तक्रार समिती आहे (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा). अपंग हक्क कायदा, २०१६ नुसार समान संधी धोरणही जाहीर करावं लागतं, तो मसुदा आम्ही करतोय. पण कागद झाला म्हणजे काम झालं असं नाही ना! आमच्याकडे घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे बरेच जण आहेत. पूर्व भागातला (शहरातली तेलुगू भाषकांची वस्ती) शिपाई मराठी उत्तम बोलतो, पण मीटिंगमध्ये गप्प. कंत्राटी सफाई कामगारांना तर कुणी मीटिंगला बोलावतच नाही. आस्थापना विभाग पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या वापरणाऱ्या सहकाऱ्याला सेवापुस्तक बघायलाही जिना चढावा लागतो.

मला भीती एकच: ही टीम संक्रांतीचं तिळगूळ आणि ईदचा शीरखुर्मा वाटण्यापुरती उरेल. खायला माझी ना नाही, पण तेवढंच नको.

कुणी असं काम केलंय का? कार्यालय अधीक्षकांना टीममध्ये घ्यावं की बाहेर ठेवावं? ते समोर असले की शिपाई बोलत नाहीत, आणि ते नसले की निर्णय पुढे सरकत नाही. कंत्राटी लोकांना सदस्य करता येतं का? सूचना नाव न देता कशा गोळा करता? पेटी ठेवली तर अक्षर ओळखलं जातं, आमचं ऑफिस लहान आहे.