पॉट ऑफ डिझायर्स ठेवू की काढू?

राम राम मंडळी. जळगावात आम्ही चौघंच यू-गि-ओ हा पत्त्यांचा खेळ खेळतो, म्हणून इथे विचारतोय. डेक 40 पत्त्यांचा. पॉट ऑफ डिझायर्स या पत्त्याने 2 पत्ते मिळतात, पण त्याआधी डेकच्या वरचे 10 पालथे बॅनिश (म्हणजे खेळातून बाद) करावे लागतात. पहिल्या टर्नला हातात 5, डेकमध्ये 35. म्हणजे एकच कॉपी ठेवलेला पत्ता डेकमध्ये असेल तर तो जायची शक्यता 10/35, जवळपास 29 टक्के. रविवारी नेमका तोच गेला, वर चुलतभाऊ दात काढत बसला!

त्याऐवजी पॉट ऑफ एक्स्ट्राव्हॅगन्स हा पत्ता टाकला तर 2 पत्त्यांसाठी एक्स्ट्रा डेकमधले (मुख्य डेकपासून वेगळा ठेवलेला गठ्ठा) न निवडता कोणतेही 6 जातात, आणि त्या टर्नला पुढे इफेक्टने पत्ता ओढता येत नाही. माझा एक्स्ट्रा डेक तसा फारसा लागत नाही. काय करू भो?