ब्रह्मकमळ, कमलम आणि निवडुंग

विचारणा : बडोद्यात आपल्या मराठी घरांच्या गॅलरीत पावसाळ्यातल्या रात्री जे पांढरे, सुगंधी फूल उमलते, त्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो. खरे ब्रह्मकमळ हिमालयात असते, असे वाचनात आले. मग आपला शब्द चुकीचा समजावा काय? येथील बाजारात ‘कमलम’ नावाने मिळणाऱ्या फळाशी या फुलाचा काही संबंध आहे काय?

उत्तर : शब्द चुकीचा नाही, तो दोन वनस्पतींना लागू होतो, एवढेच. हिमालयात 3000 मीटरहून अधिक उंचीवर वाढणारे, उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा हे सूर्यफुलाच्या कुळातले असून, त्याच्या पाकळ्या म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, ती वास्तविक फुलोऱ्याला वेढणारी फिकट छदे, म्हणजे पानांचेच बदललेले रूप, असतात. आपल्या कुंडीतले एपिफायलम ऑक्सिपेटलम हा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला निवडुंग आहे. कमळाच्या कुळातले दोन्ही नव्हेत, म्हणून एकाला अस्सल आणि दुसऱ्याला तोतया ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

‘याचे फूल पानातून येते’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य मात्र दुरुस्त करावे. ज्याला आपण पान म्हणतो, ते चपटे झालेले हिरवे खोड आहे आणि कळी त्याच्या कडेच्या खाचेतून निघते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्थ यांनी 1812 मध्ये या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, दिलेल्या एपिफायलम या ग्रीक नावाचा अर्थही ‘पानावरचे’ असाच होतो. म्हणजे शास्त्रीय नावातही तोच समज उतरलेला आहे.

आता कमलम. ड्रॅगन फ्रूटला हे नाव गुजरात सरकारने जानेवारी 2021 मध्ये दिले, ते फळाचा बाह्य आकार कमळासारखा दिसतो म्हणून. त्याचा वेल निवडुंगच आहे, त्याचेही मोठे पांढरे फूल रात्री उमलून सकाळी मिटते. पूर्वी तो हायलोसेरियस प्रजातीत गणला जाई. 2017 पासून ती प्रजाती सेलेनिसेरियसमध्ये समाविष्ट झाली आहे. हे नाव सेलेनी या ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून आले. तेव्हा नाते आहे, आणि ते कुळाचे आहे.

पुस्ती : मल्याळममधील ‘निशागंधी’ हे या फुलाचे नाव मराठीत आणावे, असे कोणी सुचवील. नाव सुरेख आहे, परंतु आपल्याकडे निशिगंध म्हणजे गुलछडी, त्यामुळे नवा घोटाळा होईल. बोलताना ब्रह्मकमळच म्हणावे. लेखात पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘निवडुंगाच्या कुळातले’ एवढे जोडावे.