चिनी धर्म गोऱ्यांच्या पुस्तकांतून शिकावा का?

शेळगीकर_ताई: मंडळी, एम.ए. समाजशास्त्राच्या टर्म पेपरला चिनी धर्म घेतलाय. सरांच्या यादीत लेग, दे ग्रूट, वेबर, म्हणजे सगळे युरोपियनच. त्यात जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर चीनला कधी गेला नव्हता, त्याला चिनीही येत नव्हती! तरी तिथे भांडवलशाही का रुजली नाही, याचं उत्तर तो कन्फ्यूशियसच्या शिकवणीत शोधतो. अशांवर कितपत विसंबायचं? चिनी मलाही येत नाही, तो भाग वेगळा.

जुनी_पेठ: ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. लेग मिशनरी, हाँगकाँगला कित्येक वर्षं काढून 1876 मध्ये ऑक्सफर्डचा पहिला चिनीचा प्राध्यापक झाला. पोथ्यांतला माणूस, त्यामुळे त्याच्या वाचकाला चिनी धर्म म्हणजे ग्रंथच वाटतात. दे ग्रूट चीनमधल्या शियामेन शहरात राहिला. मयत, थडगी, भूतबाधा असं डोळ्यांनी पाहिलेलं सहा खंडांत घातलं. तो नाक मुरडतो तिथे पान उलटा, वर्णन मात्र सोडू नका.

मेख आहे ती साच्यात. एक माणूस, एक धर्म, एक पोथी असं धरून चाललं की तिथे तीन धर्म (कन्फ्यूशियसचा, बौद्ध, ताओ) मोजायचे आणि उरलेलं अंधश्रद्धेच्या खात्यात टाकायचं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकणाऱ्या गर्दीला 'तुमचा पंथ कोणता?' असा फॉर्म वाटून बघा. उत्तरं मिळतील, पण यात्रा त्यात सापडायची नाही. तिकडे चुलीचा देव वर्षाअखेरीस वर जाऊन घरातल्यांचा अहवाल देतो, म्हणून आधीच त्याच्या तोंडाला गोड चोपडतात (लाचच की!). त्याला कुठल्या रकान्यात बसवणार?

चादर_मार्केट: ओ काका, मग चिन्यांनी लिहिलेलंच वाचू की. गोरे कशाला?

जुनी_पेठ: तेवढं सोपं असतं तर! हा साचा आता बीजिंगमध्येही आहे. सरकारी मान्यता पाचच धर्मांना: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. चुलीचा देव तिथेही बाहेर. उलट सी. के. यांग जन्माने चिनी, शिकवायचा अमेरिकेत. त्याने 1961 मध्ये मांडलं की चिनी धर्म बराचसा घर, गाव, धंदा, राजकारभार यांतच मुरलेला आहे. वेगळी संस्था शोधाल तर तो दुबळा दिसेल. आता याला पाश्चात्त्य म्हणणार की चिनी?

पुस्तक_किडा: गोऱ्यांचंही आपसात कुठे जुळत होतं? पितरांना नमस्कार हा शिष्टाचार, असं रिचीसारखे जेझुइट (कॅथलिक मिशनरी) म्हणायचे. पोपने 1715 मध्ये ख्रिस्ती झालेल्या चिन्यांना ते विधी करायला बंदी घातली, ती उठली 1939 मध्ये.

शेळगीकर_ताई: काका, यांग यादीत नाहीच! वेबर वगळू का मग?

जुनी_पेठ: वगळू नका, सर विचारतील. पण पेपर अंत्यसंस्कार या एकाच विषयावर करा. आधी दे ग्रूटचं वर्णन, मग यांग कुटुंबाबद्दल काय म्हणतो ते. वेबर शेवटी, दोन पानांत.