मदत हवी आहे : घड्याळ खरं की गणित?

मंडळी, वय ४६, वजन ७२ किलो. रोज सकाळी पाऊण तास भरभर चालतो, ताशी साधारण साडेपाच किमी. मनगटावरचं घड्याळ सांगतं ४१० कॅलरी जळाल्या, खिशातला फोन २६०. मेट (म्हणजे नुसतं बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा; बसणं १, असं चालणं ४.३) धरून गणित केलं (४.३ × ७२ किलो × ०.७५ तास), तर उत्तर २३२. त्यातल्या ५४ कॅलरी मी नुसता खुर्चीत बसलो असतो तरी गेल्याच असत्या! म्हणजे चालण्याची खरी कमाई १७८. आणि मी ४१० बघून येताना बिनधास्त मिसळ हाणतोय, वर जादा पाव.

स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात मनगटी यंत्रांनी मोजलेले हृदयाचे ठोके बहुतेक बरोबर निघाले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं होतं. माझं तर त्याहून पुढे गेलेलं दिसतंय. वजन, वय बरोबर भरलंय, पट्टाही घट्ट बांधतो.

ठोके मोजणारा, छातीला बांधायचा पट्टा घेतला तर आकडा सुधारतो का? की ठोक्यांवरून कॅलरी काढणंच मुळात अंदाजपंचे? कुणी लॅबमध्ये मास्क लावून ऑक्सिजनची चाचणी केली असेल, तर घड्याळात आणि त्यात किती फरक आला? खर्चही सांगा. मिसळ तूर्तास बंद आहे.