अनुभव धागा: नाशिकमध्ये दोघांच्या निवांत संध्याकाळसाठी फ्यूजन रेस्टॉरंट कसं निवडायचं?

मंडळी, मिसळ कुठे खावी असं विचारलं तर प्रत्येक नाशिककराकडे स्वतःचं ठाम उत्तर असतं. पण दोघांनी दोन-अडीच तास शांत बसावं, काहीतरी वेगळं खावं, असं ठिकाण विचारलं की सगळे अडखळतात. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर या पट्ट्यात नवी रेस्टॉरंट उघडत असतात आणि बऱ्याच मेनूंवर 'फ्यूजन', म्हणजे दोन ठिकाणच्या खाण्याच्या पद्धतींचा मेळ, असं लिहिलेलं असतं. शेफ बदलला की जागा बदलते, म्हणून नावांची यादी नको. निवडायचं कसं, फोनवर काय विचारायचं, नेमकं कुठे बिघडतं आणि का, ते लिहा. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी हात आखडता घेऊ नये.

सेवेच्या बाजूने, गंगापूर रोड

आधी टेबल ठरवा, मग रेस्टॉरंट. एकाच हॉलमध्ये एक टेबल सुंदर असतं आणि तिथून दहा फुटांवरचं बसण्यालायक नसतं.

फोन दुपारी चार ते सहाच्या दरम्यान करा. दीडला किंवा साडेआठला केलात तर पलीकडचा माणूस 'हो सर, होईल' म्हणून फोन ठेवतो आणि वहीत काहीच लिहिलं जात नाही. नुसतं 'दोघांसाठी' सांगू नका. टेबल स्पीकरखाली आहे का, किचनच्या दारासमोर आहे का, वॉशरूमकडे जाणाऱ्या वाटेत आहे का, एसीचा झोत थेट येतो का, हे चारही प्रश्न विचारा. चौथा लोक विसरतात. थेट झोतात गरम पदार्थ पाच मिनिटांत कोमट होतो, आणि सॉसवर साय धरते.

दोघांचं टेबल बहुतेक ठिकाणी ६० बाय ६० सेंटीमीटरचं असतं. त्यावर दोन मोठ्या ताटल्या आणि दोन ग्लास ठेवले की जागा संपली. फ्यूजन जागांमध्ये मात्र छोट्या प्लेट टेबलाच्या मधोमध ठेवून वाटून खायची पद्धत आहे. मग वेटर दर पाच मिनिटांनी 'हे उचलू का?' विचारत येतो आणि बोलणं तुटतं. मंगळवार ते गुरुवार गेलात तर चौघांचं टेबल मागा, सहसा मिळतं. समोरासमोर बसण्यापेक्षा काटकोनात बसा. कान जवळ येतात, आवाज चढवावा लागत नाही, आणि दोघांनाही एकच प्लेट गाठता येते.

वेळ साडेसातची घ्या. नऊनंतर कुटुंबं येतात, मोठे ग्रुप येतात, संगीताचा आवाज वाढवला जातो. लग्नाचा वाढदिवस असेल आणि टाळ्या, गाणं, केकवरची फुलबाजी नको असेल, तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. ऐनवेळी थांबवणं अवघड जातं, कारण ती सूचना आधीच किचनपर्यंत गेलेली असते.

ज्यांच्या जोडीदाराला कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी

वरच्या दादांचं काटकोनात बसण्याचं अगदी बरोबर आहे. त्यात एक भर. जाण्याआधी नकाशावरचे ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा, पण पदार्थांचे नको, छताचे आणि जमिनीचे. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उघडं काँक्रीटचं छत आणि लोखंडी खुर्च्या असतील तर आवाज घुमणारच. पडदे, गाद्यांची बैठक, पुस्तकांची कपाटं, लाकडी पट्ट्यांचं छत असेल तर आवाज शोषला जातो. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असतं. ६५ डेसिबलच्या आसपास गप्पा सहज होतात, ७५ च्या पुढे ओरडावं लागतं. जोडीदाराचा जो कान चांगला आहे तो तुमच्या बाजूला आणि त्याची पाठ भिंतीला, अशी बैठक घ्या.

उजेडाचंही तसंच. ओठांच्या हालचालीवरून समजून घेणाऱ्याला अंधारी जागा फार त्रासाची. पिवळसर उजेडाचा छोटा दिवा टेबलावर असेल तर चेहरा दिसतो. नुसता वरून पडणारा झोत असेल तर डोळ्यांखाली सावली येते आणि चेहरा वाचता येत नाही.

किचनमधून

मेनू हातात आला की पाच मिनिटं नीट वाचा, सगळं तिथेच कळतं. पंचवीस-तीस पदार्थांचा मेनू असेल तर शेफने विचार केलाय. दीडशे पदार्थांत चायनीज, तंदूर, पिझ्झा आणि शेवटच्या पानावर 'फ्यूजन' असेल, तर तिथे तीन तयार ग्रेव्ह्या आणि चीज यांवरच सगळं चालतं.

चांगल्या फ्यूजनला कारण असतं. दोन जिन्नस एकत्र का आले, हे वेटरला किंवा शेफला एका वाक्यात सांगता यायला हवं. इगतपुरीकडचा इंद्रायणी घ्या. तो चिकट, स्टार्चवाला तांदूळ आहे, म्हणून रिसोटोच्या (इटलीचा मऊ, सरसरीत भात) पद्धतीने शिजवला तर जमतो. बासमतीचा रिसोटो जमत नाही, दाणे सुटे राहतात. नीट केलेल्या रिसोटोला कच्च्या तांदळापासून अठरा-वीस मिनिटं लागतात. बरीच किचनं तांदूळ सत्तर टक्के शिजवून ट्रेमध्ये पसरून थंड करतात आणि ऑर्डर आली की सहा-सात मिनिटांत पूर्ण करतात. त्यात गैर काही नाही. पण पूर्ण शिजवलेल्या भातात क्रीम ओतून गरम केलं तर तो क्रीमभात होतो. ओळखायचं कसं? ताटली किंचित कलती करा. भात सावकाश पसरला पाहिजे. गोळा जागेवरच बसून राहिला तर जास्त शिजलाय, आणि कडेने पांढरं पाणी सुटलं तर क्रीम वरून घातलंय.

नागलीचा टाको, म्हणजे सारण भरून घडी घातलेली छोटी भाकरी, हल्ली बऱ्याच मेनूंवर दिसतो. नागलीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गरम असताना वळतो आणि गार झाला की घडीवर तडकतो. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळतात, काही जण थोडं गव्हाचं पीठ घालतात. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी हे विचारायलाच हवं, नुसत्या 'नागली' शब्दावर विसंबू नका. आतलं सारण कोरडं हवं. पातळ पिठलं भरलं तर तीन-चार मिनिटांत तळ मऊ पडतो आणि सगळं हातावर येतं. सॉस वेगळा मागा.

काळा मसाला आणि क्रीम ही जोडी अवघड आहे. बाजारातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असते. टोमॅटो किंवा चिंचेच्या आंबट रश्शात ते उकळलं की फाटतं, वर तेल आणि खाली कण दिसतात. जाणकार शेफ गॅस बंद करून क्रीम घालतो, किंवा क्रीमऐवजी काजूची पेस्ट वापरतो. पास्ता 'शेवभाजी स्टाइल' असेल तर शेव वरून, शेवटच्या क्षणी हवी. आधीच मिसळली तर ती सगळा रस पिते आणि प्लेट टेबलावर येईपर्यंत लगदा होतो.

एक विनंती. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. दोघांना दोन छोट्या प्लेट, एक मुख्य पदार्थ आणि एक गोड पुरतं. आधी फक्त छोट्या प्लेट सांगा, 'दुसरी पहिली संपल्यावर आणा' असं म्हणा, आणि त्या निम्म्या झाल्या की पुढचं सांगा. किचनला जाणाऱ्या एकाच चिठ्ठीवर सगळं लिहिलं गेलं तर किचन जे तयार होईल ते पाठवत राहतं.

शाकाहारी, जैन आणि उपवास पाळणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात आहे, आणि फ्यूजन मेनूत तो जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण वस्तू नावात दिसत नाहीत. हिरवा ठिपका पाहून थांबू नका. मिश्र किचनमध्ये हे विचारा: थाई करीत फिश सॉस आहे का, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस आहे का, वुस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा आहे का (बिनमाशांचाही मिळतो), पन्ना कोटा आणि मूस ही गोडं जिलेटिनवर (प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं) लावलीत की अगर-अगरवर (समुद्री शेवाळातलं), तिरामिसूत आणि ताज्या पास्त्यात अंडं आहे का. अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा घटक, असतं. भारतात बनणारी बरीच चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटवर होतात, तेव्हा कुठलं वापरतात एवढंच विचारायचं.

जैन जेवणासाठी 'कांदा-लसूण काढून द्या' म्हणून भागत नाही. सॉस, पेस्टो, मेयो, करी पेस्ट सकाळीच करून ठेवलेली असते, त्यातला लसूण संध्याकाळी निघत नाही. बुकिंग करतानाच विचारा: 'कुठले पदार्थ ऑर्डर आल्यावर शून्यापासून करता?' त्यातूनच निवडा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ठेचा आणि साते सॉस दोन्हींत कूट असू शकतो.

एकाचा उपवास आणि दुसऱ्याचा नाही, अशा दिवशी फ्यूजन रेस्टॉरंट निवडूच नये. तारीख बदला. कॅलेंडरवर चतुर्थी, एकादशी, श्रावण आधी बघून घ्या, समोरच्याला ऐनवेळी अवघडल्यासारखं होत नाही.

वाइनबद्दल

नाशिकमध्ये बसून वाइन घ्यायची तर थोडं ताळतंत्र हवं. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. दोघांना बाटली जास्त होत असेल तर ग्लासवर घ्या, पण बाटली कधी उघडली ते विचारा. दोन-तीन दिवस नुसतं बूच लावून ठेवलेली वाइन चपटी आणि आंबूस लागते.

ठेचा, मिरची, तिखट रस्सा यांबरोबर जड रेड घेऊ नका. अल्कोहोल आणि टॅनिन (रेडमधला तुरटपणा) दोन्ही तिखटाची आग वाढवतात. किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन तिथे बरोबर बसते. कोथिंबीर वडी, हिरवी चटणी, लिंबाचं काही असेल तर सॉव्हिन्यों ब्लाँ, तीही व्हाइटच. शिराझ ही रेड घ्यायची तर भाजलेलं मशरूम, वांगं, मटण यांबरोबर, आणि मिरची हलकी हवी. व्हाइट ८ ते १० अंशांवर, रेड १६ ते १८ वर. 'रेड रूम टेम्परेचरला' हा नियम आपल्या एप्रिल-मेच्या खोलीला लागू नाही. वीस मिनिटं बर्फात ठेवायला सांगा, संकोच नको.

महाराष्ट्रात वाइन-बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक मद्यासाठी २५. तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो.

वाइनरीकडे जाणाऱ्यांना

गंगापूर धरणाच्या बाजूची सुला वाइनरी १९९९ पासूनची, आणि त्याच भागात यॉर्क. सूर्यास्त पाहायला जागा अप्रतिम. पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, निवांतपणा मिळत नाही. मधल्या वारी, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि द्राक्षबागांत शहरापेक्षा जास्त बोचतो. उघड्यावर बसायचं तर शाल आणि बंद बूट. मे महिन्यात गच्चीचं काँक्रीट रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहतं, तिथे आतली जागा बरी. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे येतात, दिव्यापासून दूरचं टेबल मागा.

परतीची गाडी आधी ठरवा, रात्री दहानंतर तिकडे रिक्षा किंवा कॅब मिळेलच असं नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

बिलाबद्दल, थोडक्यात

साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के असू शकतो. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, त्यामुळे ती ओळ वेगळी हवी. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. लावलं असेल तर शांतपणे काढायला सांगा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि पहिलीच भेट असेल तर बिल कोण देणार हे बसतानाच बोलून घ्या.

पहिल्याच भेटीसाठी

सात कोर्सचा टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफने ठरवलेले छोटे पदार्थ एकामागोमाग, नको. तो दोन-अडीच तास चालतो, मध्येच उठता येत नाही. हाताने खायचं, गळणारं, ओढावं लागणारं काही मागवू नका. स्टार्टर आणि कॉफी एवढंही पुरे, जमलं तर पुढे मागवता येतं.

गोडाबद्दल

गोड मेनूवरून न निवडता 'आज ताजं फळ कुठलं आहे?' एवढं विचारा. डिसेंबर ते मार्च सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी, जानेवारी ते मार्च द्राक्षं, पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत सीताफळ, उन्हाळ्यात आंबा. सीताफळ उकळलं की कडवट होतं, म्हणून त्याचं आइस्क्रीम, रबडी किंवा थंड मूसच घ्या, गरम पुडिंग नको. स्ट्रॉबेरीवर श्रीखंडाचा चक्का घालणाऱ्या जागा चांगल्या निघतात. फक्त चक्का किमान सहा-सात तास टांगलेला हवा, नाहीतर प्लेटमध्ये पाणी सुटतं. किचनची शेवटची ऑर्डर बहुतेक ठिकाणी साडेदहाच्या आसपास असते, तेव्हा गोड सव्वादहाच्या आत सांगून टाका.