बाह्यपटलातील प्रथिने आणि बायोफिल्म : प्रथिन काढले की जिवाणूचे चिकटणे थांबते का?

खाडीकाठ (रत्नागिरी) यांचा प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून, कोळंबीच्या हॅचरीतील पीव्हीसी नळ्यांच्या आत धरणाऱ्या बुळबुळीत थरातून वेगळ्या केलेल्या व्हिब्रिओ जिवाणूंवर माझा प्रकल्प आहे. नळ्या क्लोरीनने धुतल्या तरी तो थर पुन्हा धरतोच. वाचताना मला दोन विसंगत निष्कर्ष आढळले. ई. कोलायमधील ओम्प-ए हे बाह्यपटलातील (पेशीच्या सर्वांत बाहेरच्या आवरणातील) प्रथिन प्लॅस्टिकवरील बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा असा चिकट थर, वाढवते. उलट स्यूडोमोनस एरुजिनोसामध्ये त्याच कुळातले ओप्र-एफ नाहीसे केले, तर बायोफिल्म वाढते. हे कसे? शिवाय पावसाळ्यात खाडीच्या पाण्याची क्षारता उतरते, तिचा या प्रथिनांशी संबंध जोडणे योग्य ठरेल का?

पटलवेधी

ताई, या प्रथिनांना केवळ डिंक समजले की हे निष्कर्ष विसंगत वाटतात. ओम्प-ए पृष्ठभागाशी संपर्कात येते हे खरे, परंतु त्याच्या असण्या-नसण्याने पटलावरील ताण ओळखणाऱ्या सीपीएक्स या संकेतयंत्रणेचे कामही बदलते. त्यातून पेशीबाहेर किती सेल्युलोज तयार व्हायचे हे ठरते. ओम्प-ए हे सेल्युलोज घटवते, आणि सेल्युलोज जलस्नेही असल्यामुळे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओम्प-एमुळे पॉलिस्टायरीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पीव्हीसीवरील बायोफिल्म वाढली, मात्र काचेवरील घटली. म्हणजे एकाच प्रथिनाचा परिणाम पृष्ठभागानुसार उलटला. आपला थर पीव्हीसीवरचा आहे, तेव्हा काचेच्या नळीत केलेला प्रयोग आपल्याला चुकीच्या दिशेने नेऊ शकतो.

ओप्र-एफच्या बाबतीत वाट निराळी आहे. ते नसताना पेशीतील सायक्लिक-डाय-जीएमपी या संदेशरेणूची पातळी चढते, आणि ती चढली की जिवाणू पोहणे सोडून स्थिरावण्याकडे वळतो. याच रेणूचा बाह्यपटलाशी असलेला सर्वांत सुंदर दुवा, माझ्या मते, स्यूडोमोनस फ्लुओरेसेन्समध्ये दिसतो. तेथे लॅप-ए हे प्रचंड लांब चिकटप्रथिन बाह्यपटलात रोवलेले असते आणि लॅप-जी हे विकर (एन्झाइम) त्याला कापून मोकळे करू शकते. संदेशरेणू मुबलक असेपर्यंत लॅप-डी हे प्रथिन त्या विकराला धरून ठेवते. तो कमी झाला की विकर सुटते, लॅप-ए कापले जाते आणि पेशी पृष्ठभाग सोडते. व्हिब्रिओ कॉलरीमध्येही अशी यंत्रणा आढळली आहे, म्हणून आपल्या जिवाणूंच्या जनुकसंचात तिचा शोध घेणे मला पोरिनांच्या (बाह्यपटलात छिद्रे बनवणाऱ्या प्रथिनांच्या) आधी करण्याजोगे काम वाटते.

सागरसूक्ष्म (मालवण)

क्षारतेबद्दल थोडेसे. ई. कोलायमध्ये पाण्याचा परासरणदाब वाढला (क्षारता वाढली की तो वाढतो) की एन्व्ह-झेड आणि ओम्प-आर ही नियामक प्रथिनांची जोडी ओम्प-एफ हे पोरिन कमी करून ओम्प-सी हे पोरिन वाढवते, आणि तोच ओम्प-आर चिकटण्यास मदत करणाऱ्या कर्ली तंतूंच्या नियामक जनुकावरही काम करतो. संबंध जोडणे म्हणूनच निराधार नाही. तथापि व्हिब्रिओ कॉलरीमध्ये ओम्प-यू आणि ओम्प-टी या प्रमुख पोरिनांवर टॉक्स-आर या वेगळ्या नियामक प्रथिनाचे नियंत्रण असते, त्यामुळे ई. कोलायचे चित्र खाडीतल्या व्हिब्रिओवर जसेच्या तसे बसवू नये.

खाडीकाठ (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. क्षारता बदलण्यासाठी समुद्राच्या पाण्यात ऊर्ध्वपातित पाणी मिसळले तर चालेल का?

पटलवेधी

मिसळता येईल, पण त्यासोबत कॅल्शियमही कमी होते. पूर्ण क्षारतेच्या समुद्रपाण्यात ते लिटरला सुमारे 400 मिलिग्रॅम असते, आणि लॅप-जी विकराला कामासाठी कॅल्शियम लागते. त्यामुळे दिसलेला बदल क्षारतेचा की कॅल्शियमचा हे कळणार नाही. एका संचात कॅल्शियम वेगळे घालून पातळी मूळ ठेवावी. मोजमाप क्रिस्टल व्हायोलेटने (चिकटलेला थर रंगवणाऱ्या रंगाने) करणार असाल तर प्रत्येक संचातील वाढही स्वतंत्रपणे मोजावी, कारण कमी क्षारतेत व्हिब्रिओ मुळातच मंद वाढला तर रंग कमी दिसेल आणि त्याचा दोष चिकटण्यावर जाईल. जनुक काढून पाहणार असाल, तर तेच जनुक परत घालून मूळ गुण परततो का, हे दाखवणेही आवश्यक आहे. आणि प्रयोगासाठी हॅचरीत वापरतात त्याच पीव्हीसी नळीचे तुकडे घ्यावेत.